दिवाळीचा पाहुणा आणि आपले घर



शेतकीची पदवी घेऊन मी सरकारी नोकरीला लागलो त्याला आता तीस वर्षे होत आली. त्यातली बरीच वर्षे वडूजला आणि खटाव-माणच्या गावांत गेली. या नोकरीत पगार किती मिळाला ते सांगण्यासारखे नाही, पण पाहुणचार मात्र पोटभर मिळाला. बियाण्याची, खताची, किडीची गोष्ट सांगायला कोणाच्याही सोप्यात शिरलो की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो, मग घोंगडे अंथरले जाते, मग चहा, आणि कामाचे बोलणे त्याच्याही नंतर. तेव्हा पाहुणा म्हणून माझ्याइतकी घरे पाहिलेला माणूस या भागात विरळाच निघेल. दिवाळी तोंडावर आली आहे. आज किडीचे राहू द्या. घर पाहुण्याला कसे दिसते, ते एका जुन्या पाहुण्याच्या तोंडून ऐका.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. इतक्या घरांतली काचेची कपाटे, पडदे आणि भिंतींचे रंग यांतले मला आज फारसे काही आठवत नाही. आठवतात त्या सारवलेल्या अंगणातल्या रांगोळ्या, उन्हात वाळवून घडी केलेली वाकळ, आणि दारात पाऊल टाकताच 'या, बसा' म्हणणारी माणसे.

आपल्याकडे दिवाळीला येणारा पाहुणा म्हणजे बहुतेक घरचाच माणूस. आपला मुलूख कमी पावसाचा. उरमोडीचे, जिहे-कठापूरचे पाणी काही गावांच्या शिवारात आले हे खरे, पण त्याआधी कित्येक पिढ्या पोटासाठी बाहेर पडल्या त्या पडल्याच. कोणी मुंबईला गिरणीत गेला, कोणी माथाडीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांतले पुष्कळ जण परत आले, पुष्कळ तिकडेच दुसऱ्या कामाला लागले. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या तालुक्यांतली पोरे गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामात, पार तामिळनाडूपासून पंजाबापर्यंत पोचली. ही सगळी मंडळी दिवाळीला नाही तर यात्रेला घरी येतात. वर्षभर कुलूप असलेली घरे उघडतात. आणि इथेच आपल्या माणसांना एक धास्ती पडते, की शहरात राहिलेल्या लेकाला, सुनेला, नातवंडांना आपले घर आवडेल का?

या धास्तीपायी झालेला एक प्रकार मी जवळून पाहिला आहे. वडूजपासून फार लांब नाही असे एक गाव. माळवदाचे जुने घर, भिंती पांढऱ्या मातीच्या. थोरला मुलगा गलाईत, तिकडे दक्षिणेत, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच सुनेला घेऊन दिवाळीला येणार होता. आईने पेरणीनंतर उरलेली घरखर्चाची ज्वारी विकली, वर एका ओळखीच्याकडून व्याजाने पैसे घेतले आणि सोप्याच्या भिंतींना पिस्ता रंगाचा तैलरंग लावून घेतला. रंगाऱ्याने भिंत सपाट दिसावी म्हणून दारालगतची दिवळीही बुजवून टाकली. मुलगा आला. भिंतीकडे बघत थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आये, हितली दिवळी कुठं गेली?" लहानपणी त्याच दिवळीतल्या चिमणीच्या उजेडात तो अभ्यास करीत असे. माउली काय बोलणार? पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड आले आणि पोपडे मातीसकट खाली पडले. ज्वारी गेली, व्याज चालू राहिले आणि भिंत आधी होती त्याहून वाईट झाली.

यात रंगाऱ्याचा दोष किती आणि कोणाचा किती, हा हिशोब मी करीत नाही. मातीच्या भिंतीचा स्वभाव मात्र सांगायला हवा. जमिनीतली ओल तिच्यात वर चढत असते आणि पृष्ठभागावरून ती उडून जाते. तैलरंगाने तोंड बंद केले की ती आत कोंडते आणि रंगाला ढकलून बाहेर पडते. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तरी असेच घडते. मातीच्या किंवा जुन्या चुन्यातल्या भिंतीला चुनाच बरा. त्यातून ओल बाहेर पडते आणि किडामुंगीही कमी होते.

चुना लावायचा तर तो आदल्या दिवशीच भिजवला पाहिजे. कळीचा चुना घ्यावा. किलोला साधारण पाच लिटर पाणी धरावे. भांडे मातीचे किंवा लोखंडी, कारण ॲल्युमिनियमला चुना खातो. चुन्यावर पाणी पडले की तो उकळतो, उसळतो. त्या वेळी पोरांना जवळ फिरकू देऊ नये आणि आपलेही तोंड लांब ठेवावे. डोळ्यात थेंब गेला तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहावे आणि तडक दवाखाना गाठावा. एक रात्र तो निवू द्यावा, सकाळी फडक्यातून गाळावा, गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक घालावा म्हणजे हाताला पांढरे लागत नाही. चिमूटभर नीळ घातली की पिवळटपणा जातो. भिंत आधी झाडून, किंचित ओली करून मग कुंचा फिरवावा. पहिला हात ओला असताना अगदीच फिका दिसतो, वाळला की उठतो. तेव्हा घाईने दाट करू नका. दोन-तीन पातळ हात द्या. खाली वीतभर गेरूचा पट्टा ओढला की झाले. अशा भिंतीवर पणतीचा उजेड काय शोभतो, ते तैलरंगवाल्याला कळायचे नाही.

त्या घरातली दिवळी पुढच्या दिवाळीला मुलानेच पहारीच्या टोकाने उकरून मोकळी केली. आता तिच्यात पणती असते.

भिंतीनंतर दार. आणि दाराची गोष्ट निघाली की मला झेंडूबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण तो माझ्या खात्याचाही विषय आहे. दसरा-दिवाळी साधून झेंडू लावणारे शेतकरी आपल्या भागात पुष्कळ झाले आहेत. भाव चांगला लागला तर चार पैसे होतात, आणि एकदम माल आला की फुले रस्त्याच्या कडेला ओतून यावी लागतात, हेही सर्वांनी पाहिले आहे. पण एका गोष्टीचे मला नवल वाटते. शेतात दोन गाड्या फुले, सगळी बाजारात रवाना, आणि घराच्या चौकटीला मात्र बाजारातून आणलेले प्लॅस्टिकचे तोरण! असे मी एका घरी पाहिले आणि मालकाला तोंडावर विचारले. ते हसले आणि म्हणाले, "साहेब, इकायच्या मालाला घरात कोण इचारतंय?"

आता गंमत ऐका. ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही, तो मूळचा आपला नव्हे. तो मेक्सिको देशाचा. पोर्तुगीज लोकांच्या काळात समुद्रावरून तो इकडे आला आणि देवघरात जाऊन बसला. त्या मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला, म्हणजे बहुधा आपल्या दिवाळीच्या आगेमागेच, गेलेल्या माणसांचा सण असतो. त्या दिवशी आपले पूर्वज घरी पाहुणे येतात अशी तिथल्या लोकांची समजूत आहे. त्यांना वाट सापडावी म्हणून वाटेवर झेंडूच्या पाकळ्या पसरून पार घरापर्यंत केशरी पायवाट करतात आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडून ठेवतात. मिरची, बटाटा आणि भुईमूगही अमेरिका खंडांतलेच. म्हणजे आपल्या चिवड्यात निम्मा पाहुणाच भरलेला असतो.

तेव्हा परसदारी वीस-पंचवीस रोपे तरी घरासाठी म्हणून लावत जा. यंदा राहिले असेल तर पुढल्या जुलैत लावा. लावणीनंतर तीनेक आठवड्यांनी शेंडा खुडला की फुटवे वाढतात आणि फुले जास्त लागतात. वांगी-टोमॅटोच्या वाफ्याच्या कडेने लावलात तर मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही तो थोडा आवर घालतो. फुले सकाळी लवकर तोडावीत, ओल्या बारदानात सावलीला ठेवावीत आणि तोरण संध्याकाळी ओवावे. चार चांगली टपोरी फुले झाडावरच पुरती वाळू द्या, ते पुढच्या सालाचे बी. तोरणातली फुले वाळवून पेरणारे पुष्कळ आहेत, पण त्यातले बी बरेचसे कच्चे असते आणि मग माझ्याकडे तक्रार येते, की उगवले नाही. संकरित रोपांचे बी धरू नये, ते मायबापासारखे निपजत नाही.

ओसरीच्या तुळईला बाजरीच्या कणसांचा जुडगा टांगण्याची जुनी चाल आहे. चिमण्या येतात, आणि शहरातली नातवंडे तासन् तास बघत बसतात. याला खर्च काहीच नाही.

अंगण हे बायाबापड्यांचे राज्य. सडा, सारवण, रांगोळी आणि वसुबारसेपासून शेणाच्या गवळणी यांत मी काही शिकवायला जाणे म्हणजे वेड्यासारखे होईल. एवढेच म्हणतो, की फरशी बसवली, अंगणात सिमेंटचा कोबा झाला, म्हणून गवळणी घालायचे सोडू नका. एका पाटावर नाही तर पत्र्याच्या तुकड्यावर घातल्या तरी चालतात. लक्ष्मीपूजनाला केरसुणी घ्याल ती शिंदीच्या पानांची, गावातल्याच माणसाने वळलेली घ्या. प्लॅस्टिकच्या झाडूला हळदकुंकू वाहिलेले पाहून मला तरी कसेसेच होते.

पोरांच्या किल्ल्यासाठी माती, दगड आणि एक गोणपाट मोकळ्या मनाने द्यावे. सिंहगड, प्रतापगड सगळेच करतात. वडूजच्या पोरांनी भूषणगड का करू नये? सपाट रानात एकटा उभा असलेला डोंगर, वर हरणाईदेवीचे देऊळ. करायला सोपा आणि रोज डोळ्यांपुढे आहे. पुसेगावकडच्यांना वर्धनगड आहे. किल्ल्यावर हिरवळ हवी तर हळीव किंवा मोहरी विस्कटून वरून हलके पाणी शिंपावे. तीन-चार दिवसांत हिरवे होते. पण इथे माझ्यातला शेतकी अधिकारी जागा होतो. पेरणीतून उरलेले लाल-गुलाबी रंगाचे बी पोरांच्या हाती देऊ नका. तो रंग विषारी औषध लावल्याची खूण असते. ते बी दळूही नये आणि कोंबड्यांनाही टाकू नये.

आता दिवे. पणत्या ओट्यावर, तुळशीपाशी, विहिरीच्या थारोळ्यावर लावाव्यात. गोठ्यात लावलीच तर हाताने धरून ओवाळावी आणि बाहेर आणावी. दिवाळीच्या सुमारास बाजरीचे सरमाड नुकतेच रचलेले असते आणि जुन्या कडब्याचे बुचाडही वाड्याजवळच असते. काही वर्षांपूर्वी पाडव्याच्या रात्री एका वस्तीवर कोणा पोराचा बाण सरमाडात शिरला. माणसे धावली, पण पाणी होते शंभर पावलांवर. दोन बैल आणि तीन म्हशींचे उन्हाळ्यापर्यंतचे वैरण अर्ध्या तासात राख झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी मी गेलो, तर फराळाचे ताट माझ्यापुढे ठेवलेच. मला ते जाईना. तेव्हा फटाके उडवायचेच असतील तर बुचाडापासून चांगले लांब, मोकळ्या रानात. आणि एक पिंप पाणी भरून वैरणीजवळ ठेवा. आवाजाने दचकलेले जनावर दूध चोरते, हेही ध्यानात असू द्या. विजेची माळ लावाल तर आकडा टाकून नको, आणि उघडा सांधा पत्र्याला टेकू देऊ नका.

फराळाचे काय सांगावे! ते शिकायला मीच तुमच्याकडे येतो. दोनच गोष्टी. पहिली, भुईमुगाच्या शेंगा काढणीत भिजल्या असतील आणि दाण्यावर हिरवट-काळी बुरशी दिसली तर ते दाणे चिवड्यात, लाडवात किंवा घाण्याला घालू नका. तळून-भाजून ते विष पुरते जात नाही. जनावरालाही नको. दुसरी, गरम चकली लगेच डब्यात कोंडू नये. पुरती निवली की मग झाकण.

एक मात्र अनुभवाने सांगतो. बाहेरून आलेली माणसे पहिल्या दिवशी लाडू-करंजी खातात, दुसऱ्या दिवशी नुसती चव घेतात आणि तिसऱ्या दिवशी चुलीपाशी येऊन विचारतात, भाकरी आहे का? त्या वेळी बाजरीची ऊन भाकरी, घेवड्याची आमटी, खर्डा किंवा शेंगदाण्याचा म्हाद्या पुढे आला की बघा ताट कसे साफ होते. हुलग्याचे माडगे मागणारे म्हातारे तर मी पुण्या-मुंबईहून आलेले पाहिले आहेत. तेव्हा पाच शेर मैद्याच्या मागे लागून उसनवारी करण्यात अर्थ नाही.

झोपण्याच्या व्यवस्थेकडे दुर्लक्ष होते म्हणून सांगतो. दिवाळीत पहाटे थंडी पडायला लागते. वाकळा आणि घोंगडी आठवडाभर आधी कडक उन्हात घाला, झटका, पेटीतल्या वाकळांत कडुनिंबाचा वाळला पाला ठेवा. नव्या गाद्या आणण्यापेक्षा हे बरे. आजीच्या लुगड्यांची वाकळ पांघरून झोपलेले नातवंड सकाळी त्यातला एकेक तुकडा दाखवून, ही कोणाची साडी, ती कोणाची, असे विचारत बसते.

पाणी देण्याबद्दल मात्र एक जुनी आठवण लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. २०१२ सालचा दुष्काळ तुमच्यापैकी कोणी विसरला नसेल. माण-खटावात जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या. त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कामानिमित्त मी एका छावणीत होतो. माणसे जनावरांपाशीच राहत होती, पाणी टँकरचे. एका बाईने आपल्या पालापुढची दोन हात जमीन सारवली होती आणि चुलीतल्या राखेने तिच्यावर रांगोळी घातली होती. मी बघत उभा राहिलो तर म्हणाली, "शेण तेवढं मुबलक हाय साहेब, बाकी कायबी नाही." आणि आत जाऊन तांब्या भरून घेऊन आली, अगदी काठोकाठ. तिथे बसायला पोते होते. मी बसलो, दोन घोट घेतले आणि तांब्या परत दिला. तिने तो म्हशीच्या बादलीत ओतला नाही, झाकून ठेवला. पुढे कोणी आलेच तर असू द्यावे म्हणून.

यावरून आठवले. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरतात. खटाव तालुक्यातही आता साखर कारखाने आहेत आणि मोटेच्या शेतातही ऊस उभा राहिला आहे. या टोळ्यांची दिवाळी आपल्या बांधावर, पालात होते. आपल्याच माण-खटावची माणसे कोयता घेऊन कराड-सांगलीकडे जात आली, ती काही जुनी गोष्ट झाली नाही. त्यांच्या पोरांना तेव्हा कोणी फराळ दिला असेल किंवा नसेल. आपण एक ताट तिकडे पाठवावे, आणि शक्यतो ते पोराच्या हातून पाठवावे. एका गावात तर टोळीची पोरे गावच्या पोरांबरोबर किल्ला करायला बसली आणि दगड रचण्यात त्यांनी सगळ्यांना मागे टाकले.

शेवटी पाठवणी. पाहुणा येताना आपण जितके धावतो तितके तो जाताना धावत नाही, हे मी सरकारी पाहुणा असूनही पाहिले आहे. भाऊबिजेला आलेल्या बहिणीला साडी घ्यायला यंदा जमले नाही तर घरात तोंड लपवणारे भाऊ असतात. त्यांनी असे करू नये. तिच्या पिशवीत नवी बाजरी, घेवडा, थोडे हुलगे, वाळलेल्या मिरच्या आणि चार झेंडूची फुले बांधून द्या. शहरातल्या लेकीला गावचे पीठ किती पुरते आणि ती ते किती जपून वापरते, हे तिच्या घरी गेल्यावर कळते.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वडूजच्या एसटी स्टँडवर एकदा मुद्दाम उभे राहून बघा. गाडीला गर्दी असते, जागेवरून बाचाबाची चालू असते, आणि प्रत्येक पिशवीच्या तोंडातून काही ना काही डोकावत असते. गेल्या साली एका पिशवीतून उसाचे दोन कांडे बाहेर आले होते. ते मास्तरांच्या पाठीला टोचत होते आणि ती लेक काही केल्या पिशवी टपावर टाकू देत नव्हती.